चकली दुकानात ठेवायची तर...

पोळीभाजी केंद्रांची सवय झालेल्या ठाणे, कल्याण, डोंबिवलीत घरगुती चकलीला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. अडतं ते पाकिटावर. 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्यानुसार घरून विकणाऱ्यांनाही नोंदणी लागते. छोट्या उत्पादकाला मोठा परवाना नको, अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या ‘फॉस्कॉस’ या संकेतस्थळावर ऑनलाइन केलेली साधी नोंदणी पुरते. तिचा 14 आकडी क्रमांक पाकिटावर हवा. शिवाय पदार्थाचं नाव, घटक, निव्वळ वजन, कमाल किंमत, पत्ता, बॅच क्रमांक, तयार केल्याची व कधीपर्यंत खावं ती तारीख, शाकाहाराचं हिरवं चिन्ह. शेंगदाणे, गहू, दूध असेल तर त्याचा उल्लेख ठळक हवा.

पाकीट तयार झालं की प्रश्न दुकानाचा. तिथे ओळख कामाला येते. गिरगावात 1959 साली सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटले, ते भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याला विकले. त्या कामातूनच पुढे ‘लिज्जत पापड’ उभं राहिलं.

आजचा दुकानदार बहुधा माल ठेवून घेतो आणि विकला गेल्यावर पैसे देतो. कमिशन किती, हिशेब कोणत्या वारी, उरलेली पाकिटं कोण उचलणार, चुरा झालेल्या चकलीचा तोटा कुणाचा, हे आधीच वहीत लिहून दोघांनी सही करावी. ओळखीच्या दुकानात तर नक्कीच. तिथेच पैसे मागायला जीभ अडखळते.