नैर्ऋत्य वाऱ्यांची वाट

वैशाखात राजस्थानच्या वाळवंटापासून गंगेच्या खोऱ्यापर्यंतची भूमी समुद्राहून कितीतरी अधिक तापते, तिच्यावरील हवा विरळ होऊन वर चढते, आणि त्या न्यून दाबाच्या प्रदेशाकडे हिंदी महासागरावरील वारे धाव घेऊ लागतात. १६८६ साली एडमंड हॅले याने मोसमी वाऱ्यांचे कारण म्हणून तापण्यातील हाच भेद सांगितला. परंतु दक्षिण गोलार्धातील आग्नेय वारे विषुववृत्त ओलांडताच उजवीकडे वळून नैर्ऋत्येचे का होतात, याचा उलगडा पृथ्वीच्या परिवलनाचा हिशेब मांडल्यावाचून होत नाही.

या वाऱ्यांचा खरा अंमल पाहावा तो सह्याद्रीवर. बाष्पाने भारलेली हवा कोकणातून उभ्या कड्याला भिडते, वर चढताना प्रसरण पावून थंड होते, आणि जे बाष्प तिला पेलवत नाही ते जकातीसारखे घाटमाथ्यावर भरून पुढे जाते. महाबळेश्वरी वर्षाकाठी २०० इंचांहून अधिक पाऊस कोसळतो, झाडांच्या बुंध्यांवर शेवाळाचे जाड थर चढतात. आणि पसरणीचा घाट उतरून वाईस यावे, तर ४० इंचांचीही मारामार! उतरणीस लागलेली हवा दाबाने पुन्हा तापते व ढग विरतात. माणदेशाच्या अवर्षणाचे कारण पुष्कळ अंशी या उतरणीतच आहे, आणि ते तेथील प्रत्येक शाळेत शिकवले गेले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.