प्रवासांतला परवाना
(नभोवाणीवरील भाषण)

श्रोते हो, आपल्या घरांतला रेडिओ आपल्याशीं बोलतो, पण आपलें ऐकत नाहीं. लहान मुलांना याचें मोठें नवल वाटतें. पेटींतल्या माणसाला हांक मारली तर तो 'ओ' कां देत नाहीं? हा प्रश्न ज्यांनीं मोठेपणींही सोडला नाहीं, अशा माणसांचा एक संप्रदाय जगभर पसरलेला आहे. त्यांना हौशी बिनतारीवाले म्हणतात. बोलण्यांत त्यांना 'हॅम' हें नांव पडलें आहे. त्यांच्या घरीं ऐकण्याच्या यंत्राशेजारीं बोलण्याचें यंत्र, म्हणजे प्रक्षेपकही असतो. हा छंद बरोबर घेऊन प्रवास कसा करावा, हें आज मी सांगणार आहें.

आरंभींच कोणी विचारील, "खिशांत मोबाइल असतां ही उठाठेव कशाला?" प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर मी शेवटीं देईन; तूर्त परवान्यापासून सुरुवात करूं.

प्रक्षेपक चालविण्यास सरकारी परवाना लागतो, आणि तो लागणें योग्यच आहे. आकाशांतली वाट सर्वांची मिळून एकच. विमानें, जहाजें, पोलीस आणि सैन्य यांचे निरोप तिनेंच जातात. अजाण हातानें भलत्या लहरीवर बोलणें सुरू केलें, तर विमानाला दिलेली सूचना त्यांत बुडून जाईल. शिवाय प्रक्षेपक ही एक सत्ता आहे, हें राज्यकर्ते पुरतें ओळखून असतात. १९३९ सालीं महायुद्ध पेटतांच येथील सरकारनें हौशी लोकांचे परवाने रद्द केले. पुढें १९४२ सालीं मुंबईंत उषा मेहता आणि त्यांचे सहकारी यांनीं गुप्त काँग्रेस रेडिओ चालविला, तेव्हां त्याचा आवाज बंद पाडण्यासाठीं पोलिसांनीं किती धांवपळ केली, हें आपण जाणतांच.

स्वतंत्र भारतांत हें काम दिल्लीच्या दूरसंचार खात्याची बिनतारी नियोजन शाखा पाहात आली आहे. १९७८ च्या नियमांनीं परीक्षेची घडी बसविली. बारा वर्षांवरील मुलांमुलींनाही तिचें दार त्यांनीं मोकळें ठेविलें. परीक्षेचे भाग मुख्यतः दोन: एक विद्युत् आणि बिनतारी यंत्रांच्या ज्ञानाचा, दुसरा कायद्याचा. वरच्या वर्गासाठीं मोर्सच्या कड-कट्ट लिपीचीही परीक्षा ठेविली होती. खालच्या वर्गाला तिची सक्ती नव्हती. २००३ सालच्या जिनीव्हा परिषदेनंतर ही सक्ती ठेवावी कीं नाहीं, हें ज्या त्या देशावर सोंपविण्यांत आलें. नियम पालटत असतात. म्हणून अर्ज करण्यापूर्वीं चालू नियम स्वतः वाचावे, ऐकीव माहितीवर विसंबूं नये. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. परीक्षेचें प्रमाणपत्र वेगळें आणि यंत्र चालविण्याचा परवाना वेगळा. परवान्याबरोबर एक सांकेतिक नांव मिळतें. भारतीयांचें नांव बहुधा 'व्ही. यू.' या अक्षरांनीं सुरू होतें, आणि तें ऐकतांच जपानांतला वा ब्राझीलमधला माणूस ओळखतो कीं, ही हांक हिंदुस्थानांतून आली.

या परवान्यावर व्यापार करतां येत नाहीं, पैसे घेऊन निरोप पोंचवितां येत नाहींत, करमणुकीचें गाणेंबजावणें चालत नाहीं, आणि गुप्त भाषेंत बोलतां येत नाहीं. जें बोलावयाचें तें जगाला ऐकूं जाईल असें.

आतां प्रवासाकडे वळूं. सामान फार लागत नाहीं. पुस्तकाएवढें यंत्र, एक बॅटरी आणि तारेचें वेटोळें पुरे. तारेची लांबी मात्र लहरीच्या हिशेबानें घ्यावी. चाळीस मीटरच्या लहरीसाठीं सुमारें वीस मीटर तार, आणि वीस मीटरच्या लहरीसाठीं सुमारें दहा मीटर. म्हणजे लहरीच्या निम्मी. कोंकणांतल्या एखाद्या घरापुढें नारळाच्या दोन झाडांना ती ताणून बांधली कीं एरिअल तयार झाली. आपल्या डोक्यावर शेंकडों किलोमीटर उंचीपर्यंत विद्युत्-भारित हवेचे थर आहेत. ते या लहरी वांकवून पुनः पृथ्वीकडे पाठवितात. दिवसा आणि रात्रीं हे थर सारखे नसतात. म्हणून चाळीस मीटरची जी लहर दुपारीं आसपासच्या प्रांतांत फिरते, तीच रात्रीं समुद्र ओलांडून जाते. हें साधलें तर दिव्याच्या लहानशा बल्बाइतक्या, म्हणजे पांच वॅटच्या शक्तीनेंही हजारों मैलांवरून उत्तर येतें. दोन मीटरच्या आंखूड लहरींची तऱ्हा निराळी. त्या प्रकाशासारख्या बहुधा सरळ जातात; तेथें उंची कामास येते. पुण्याच्या पेठेंतून जो आवाज शेजारच्या टेकडीलाही अडतो, तोच सिंहगडाच्या माथ्यावरून दूरवर पोंचतो.

पण लहरींना सीमा नसल्या, तरी परवान्याला आहेत. परवाना दिलेल्या जागेचा असतो. ती सोडून अन्यत्र यंत्र चालवावयाचें, तर त्यांतल्या अटी पाहून लागेल ती परवानगी आधीं घ्यावी. विमानांत वा जहाजावर कप्तानाच्या अनुज्ञेवांचून यंत्राला हात लावूं नये. परदेशांत तर अधिकच जपावें. युरोपांतील अनेक देशांनीं आपसांत ठरवून एकमेकांच्या हौशी लोकांना थोड्या मुदतीसाठीं वेगळ्या परवान्याशिवाय मुभा दिली आहे. भारत त्या व्यवस्थेंत नाहीं. तेव्हां आपल्या माणसानें ज्या त्या देशाकडे आगाऊ अर्ज करावा, आणि मूळ परवाना सामानांत न ठेवतां जवळ बाळगावा.

इतकी यातायात कशासाठीं, या प्रश्नाकडे आतां येतों. अंदमान बेटांवर हौशी केंद्राला सहसा परवानगी मिळत नसे, आणि अनेक वर्षें तेथून अशी हांक जगाला ऐकूं आली नव्हती. हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या श्रीमती भारती प्रसाद यांनीं चिकाटीनें पाठपुरावा करून ती मिळविली, आणि डिसेंबर २००४ मध्यें त्या सहकाऱ्यांसह पोर्ट ब्लेअरला गेल्या. हेतु केवळ छंदाचा होता. जगांतले हजारों लोक त्या दुर्मिळ ठिकाणाशीं दोन शब्द बोलण्यासाठीं टपून बसले होते. ता. २६ च्या सकाळीं साडेसहाच्या सुमारास धरणीकंप झाला, आणि मागोमाग समुद्र चालून आला. बेटांचा टेलिफोन मुख्य भूमीपासून तुटला. मोबाइलला मनोरा लागतो, मनोऱ्याला वीज लागते, आणि पुढें आणखी किती साखळ्या लागतात! त्या तुटल्या. हौशी माणसाला मात्र एक बॅटरी, एक तार आणि दूरवर कान देणारा दुसरा माणूस एवढेंच लागतें. या मंडळींनीं छंद बाजूस ठेवून निरोपांचें काम हातीं घेतलें. बेटांची खबर मुख्य भूमीला कळविली. आपलीं माणसें जिवंत आहेत कीं नाहींत, या काळजींत असलेल्या कुटुंबांचे निरोप पोंचविले. पुढें कार निकोबारलाही यंत्र नेण्यांत आलें.

श्रोते हो, त्या सकाळीं परवानगी मागण्यास कचेरी उघडी नव्हती आणि वेळही नव्हता. परवाना आधींच हातांत होता, तार आधींच बांधलेली होती, आणि कोणत्या लहरीवर कोण ऐकत असेल, हें रोजच्या संवयीनें ठाऊक झालें होतें. परीक्षा, अर्ज आणि नियम यांचा कंटाळा येईल त्या दिवशीं ही सकाळ आठवावी. संकट आल्यावर परवाना काढतां येत नाहीं. तो सुखाच्या दिवसांतच काढून ठेवावा लागतो.