उजेड बेताचाच बरा

गोव्याची सहल म्हटली की आपल्याकडच्या बायका समुद्र, काजू आणि मंगेशी-शांतादुर्गा एवढं उरकून परततात. जुन्या गोव्याच्या चर्चमध्ये पाच मिनिटं डोकावायचं, "केवढं सोनं गं!" म्हणायचं की बाहेर! पण मैत्रिणींनो, तिथे जरा थांबून उजेडाकडे बघा.

बॅसिलिका ऑफ बॉम जीझस ही १६०५ सालची वास्तू. वेदीमागचं कोरीव काम सोन्याच्या वर्खाने मढवलेलं आहे. ते घडवलं तेव्हा वीज कुठली? खिडकीतला उजेड आणि मेणबत्त्या, बस्स. उजेड बाजूने आला की नक्षीच्या कडेला सावली पडते, चेहरे उठून दिसतात. समोरून भगभगीत फोकस मारला की सगळं सपाट.

जवळच असिसीच्या सेंट फ्रान्सिसचं चर्च आहे. तिथे वेदीच्या दोन्ही बाजूंना त्या संताच्या आयुष्यातले प्रसंग रंगवलेले आहेत. अशा ठिकाणी प्रश्न नुसता शोभेचा नसतो. उजेड रंग खातो. खिडकीतला पडदा घडीच्या आत गडद आणि बाहेर फिका होतो, तो आपण बघतोच की! उजेड मोजायचं माप लक्स. भर उन्हात ते एक लाखाच्या आसपास जातं. संग्रहालयात मात्र तैलचित्रांसाठी साधारण २०० आणि कापडासाठी, जलरंगासाठी ५० लक्स पुरे मानतात. ही झीज साठत जाते, उडालेला रंग दिवा मालवला म्हणून परत येत नाही. हॅलोजन तर तापतो, जवळ लावला की लाकूड वाळतं, रंगाचे पोपडे सुटतात. एलईडी त्या मानाने बरा. त्यातून अतिनील किरण जवळपास येत नाहीत. पण तोही दिवसभर पेटता ठेवायचा नाही.

आता आपल्या परभणीकडे या. उत्सव आला की देवळात हॅलोजन लागतोच, तोही थेट मूर्तीच्या तोंडावर. भिंतीवरची जुनी चित्रं, देवाची वस्त्रं त्याच झोतात. वर्गणी गोळा करायला बायका पुढे, दिवे कुठे लावायचे ते मात्र पुरुष मंडळी ठरवणार! यंदा बैठकीत एवढंच विचारा: दिवा बाजूने लावता येईल का? चित्रापासून लांब ठेवता येईल का? गर्दी ओसरल्यावर बंद कोण करणार? विजेचं बिलही वाचेल.

जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याच्या जुन्या देवळांत जाल तेव्हा सोबत साधी बॅटरी न्या. दगडाचा रंग काही उडत नाही. कोरीव खांबावर झोत आधी समोरून टाका, मग एका बाजूने तिरपा, आणि दोन्ही वेळा नक्षी कशी दिसते ते बघा.