घुमटाखालचे पाच संग्रह

इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठाचं ब्रदर्टन ग्रंथालय रस्त्यावरून दिसत नाही. पुढे पार्किन्सन इमारत आडवी आहे. आत गेलं की मात्र भलामोठा गोल वाचनकक्ष आणि त्यावर घुमट. १९३६ साली उघडलेल्या या वास्तूमागे पैसा होता एडवर्ड ब्रदर्टन या रसायन-कारखानदाराचा. त्याने १९२७ मध्ये तिच्यासाठी एक लाख पौंड दिले.

हा गृहस्थ ग्रंथप्रेमी झाला तोही अपघाताने. वेकफील्डच्या मध्ययुगीन धर्मनाटकांचं हस्तलिखित १९२२ मध्ये लिलावात निघालं. ते त्या शहराला मिळावं म्हणून त्याने बोली लावली. हस्तलिखित हुकलं, पण साहेबांना पुस्तकांचा नाद लागला. तेव्हा वय पासष्टीच्या पुढे. १९३० मध्ये तो वारला, तोवर शेक्सपिअरच्या नाटकांच्या १६२३ च्या पहिल्या फोलिओसकट मोठा खजिना जमला होता. १९३५ मध्ये हा खजिना विद्यापीठाला मिळाला.

राष्ट्रीय संस्थांबाहेरच्या अव्वल संग्रहांना मान्यता देणारी एक योजना इंग्लंडमध्ये आहे. १९९७ मध्ये ती संग्रहालयांसाठी सुरू झाली आणि २००५ पासून ग्रंथालयांनाही लागू झाली. लीड्सच्या पाच संग्रहांना ही मान्यता आहे. इंग्रजी साहित्याचा त्यात असणारच. रशियन संग्रहात बूनिन आणि आंद्रेयेव या लेखकांची कागदपत्रं आहेत, तशीच क्रांतीपूर्वी रशियात राहिलेल्या ब्रिटिश कुटुंबांचीही. मला कुतूहल आहे ते उरलेल्या तीन संग्रहांचं, कारण ते जमवणाऱ्यांना कुणी विद्वत्तेचं काम म्हणून गोळा करायला सांगितलं नव्हतं.

ब्लांश ली या बाईंनी १९३९ मध्ये स्वयंपाकावरची सुमारे दीड हजार पुस्तकं दिली. १९६२ मध्ये जॉन प्रेस्टन यांच्या संग्रहाची भर पडली. छापील पुस्तकांबरोबर घरोघरच्या हस्तलिखित वह्याही इथे आहेत. जुन्या इंग्रजी घरांतल्या अशा वह्यांमध्ये मुरंब्याच्या कृतीशेजारी खोकल्याचं औषध सापडतं. स्वयंपाक आणि वैद्यक दोन्ही एकाच बाईच्या हातात होतं. साखर कुणाला परवडत होती, मसाले कुठवर पोचले होते, हे इतिहासकाराला इथे कळतं.

जिप्सी, रोमा आणि फिरस्त्यांविषयीचा संग्रह ब्रदर्टनच्या भाचेसुनेचा. डोरोथी ऊना रॅटक्लिफ ही लेखिका. रोमानी लोकांकडे तिचा विलक्षण ओढा. ज्यांची भाषा मूळची भारतातली, त्यांच्याविषयीची ही पुस्तकं तिने १९५० मध्ये विद्यापीठाला दिली.

पाचवा पीटर लिडल यांचा. संडरलंडला इतिहास शिकवताना त्यांनी पहिल्या महायुद्धातल्या माणसांच्या आठवणी टेपवर घेतल्या, पत्रं आणि डायऱ्या मिळवल्या. चार हजारांहून अधिक माणसांचे हे कागद १९८८ मध्ये लीड्सला आले. त्यात सैनिक आहेत, आणि बंदूक हातात धरायला तत्त्वासाठी नकार देणारेही. याच युद्धासाठी, १९१४ मध्ये लीड्सचा लॉर्ड मेयर असलेल्या ब्रदर्टननेच ‘लीड्स पाल्स’ पलटण सज्ज करायचा खर्च उचलला होता. १ जुलै १९१६ रोजी सोमच्या लढाईत त्या पलटणीची दाणादाण उडाली. दात्याच्या नावाच्या ग्रंथालयात नकार देणाऱ्यांनाही तेवढीच जागा मिळाली, हे मला या संस्थेचं मोठेपण वाटतं.

२०१६ पासून निवडक वस्तू विद्यापीठाच्या एका दालनात सर्वांसाठी मांडलेल्या असतात. फोलिओ बघावाच, पण जाणाऱ्याने आधी कळवून पाककृतींची एखादी हस्तलिखित वही मागवावी.