घरबांधणीसाठी आडव्या-उभ्या जोडीचे लाकडी तक्ते

छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) जिल्ह्यातील वेरूळचे दहावे लेणे ‘सुताराची झोपडी’ या नावाने ओळखले जाते. त्याच्या कमानदार छतात लाकडी वाशांसारख्या फासळ्या दगडात कोरलेल्या आहेत. लाकडी बांधकामाची परंपरा किती जुनी आहे, हे त्यावरून ध्यानात येते. तरीही गावोगाव दार फाकते आणि फळी वाकते. याचे कारण बहुधा ओल्या लाकडाचा वापर हे असते.

ओले लाकूड सुकताना लांबीत जवळजवळ आटत नाही. रुंदीत मात्र शेकडा ५ ते १० पर्यंत आटते. पावसाळ्यात ते पुन्हा फुगते. म्हणूनच सुतार दाराच्या उभ्या फळ्यांना मागून आडव्या पट्ट्या ठोकतात. १९९० नंतरच्या दशकात ऑस्ट्रिया व जर्मनी या देशांत याच तत्त्वावर बांधकामाचे जाड तक्ते तयार होऊ लागले. सुकविलेल्या फळ्यांचे तीन, पाच किंवा सात थर आळीपाळीने उभे व आडवे रचून सरसाने दाबून जोडतात. प्रत्येक थर शेजारच्या थराचे आटणे-फुगणे रोखून धरतो. लहान फळ्यांपासूनही मोठा तक्ता होतो, हा आणखी एक लाभ.

हलकेपणाचे महत्त्व मराठवाड्यास वेगळे सांगावयास नको. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती व जड माळवदे कोसळून हजारो माणसे दगावली. माळवदावरील ३० सें.मी. मातीचा भार दर चौरस मीटरला सुमारे ५०० किलो भरतो, १२ सें.मी. जाडीच्या लाकडी तक्त्याचा ६० ते ८० किलो. मात्र छतासाठी असे तक्ते कारखान्यात बनलेले व अभियंत्याने तपासलेलेच असावेत. गावातील सरसाच्या जोडावर छत टाकू नये.

शेतकऱ्यांनी दारे, फडताळे यांसाठी पुढील दक्षता घ्यावी. फळ्या सावलीत, जमिनीपासून उंच, मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून रचाव्यात. टोकांना रंग किंवा डांबर लावावे, म्हणजे ती तडकणार नाहीत. एक तुकडा दर आठवड्यास तोलावा. वजन घटणे थांबले म्हणजे लाकूड हवेत सुकले असे समजावे. वाळवीपासून बचावासाठी लाकूड ओल्या मातीस टेकू देऊ नये. झाड तोडताच दार बसविण्याची घाई करू नये, हे ग्रामसेवकांनी प्रत्येक घर बांधणाऱ्यास आवर्जून सांगावे.