दिल्लीची खरेदी आणि हिवाळ्याची सहल : खर्च आवरायचा कसा?

नाताळच्या सुट्ट्या जवळ आल्या की आपल्या व्यापारी बंधूंच्या घरोघरी एकच विषय निघतो. दुकानदाराला ईदच्या मालासाठी दिल्ली गाठायची असते आणि घरच्यांना लाल किल्ला, जामा मशीद पाहायची असते. एका भाड्यात दोन्ही कामे उरकावीत, हा विचार चांगलाच आहे. मात्र आखणी नसेल तर दोन्ही कामे अर्धवट राहतात आणि पदरचे पैसे जातात. आम्ही हे स्वतः भोगले आहे, म्हणून चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

डिसेंबर १९९६ मध्ये वालिदसाहेबांनी पहिल्यांदाच खरेदीची रक्कम आमच्या हाती दिली. चाळीस हजार रुपये बनियनच्या आत शिवलेल्या खिशात ठेवून आम्ही, आमची पत्नी आणि धाकटा भाऊ मनमाडहून गाडीत बसलो. शनिवारी सकाळी पोहोचायचे होते. धुक्यामुळे गाडी रखडली आणि दिल्लीत उतरलो ते शनिवारी मध्यरात्री. रविवारी चांदनी चौक बंद. सोमवारी गांधी नगरचा कपडा बाजार बंद आणि लाल किल्लाही बंद. मंगळवारी धावतपळत जो मिळाला तो माल घेतला. परतीचे आरक्षण केलेले नव्हते, म्हणून आणखी दोन रात्री लॉजमध्ये काढाव्या लागल्या, आणि त्याही नव्या वर्षाच्या गर्दीतल्या वाढीव भाड्याने. चाळीसातले सात हजार मालाऐवजी मुसाफिरीत गेले. पत्नीने लाल किल्ल्याचा फक्त दरवाजा बाहेरून पाहिला.

घरी आल्यावर वालिदसाहेब रागावले नाहीत. त्यांनी वही उघडून एवढेच विचारले, "माल किती आणि मुसाफिरी किती?" त्या वर्षी ईद फेब्रुवारीत होती. चाँदरातीच्या आठवडाभर आधीच आमच्याकडचे ड्रेस मटेरियल संपले आणि गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात गेले. तेव्हापासून प्रत्येक फेरीनंतर आम्ही वहीत हे दोन रकाने भरतो.

आज हा विषय पुन्हा महत्त्वाचा झाला आहे. हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असल्याने साधारण ३३ वर्षांत ईद सगळ्या ऋतूंतून फिरून येते. २०२६ मध्ये रमजान फेब्रुवारीत आला. पुढची काही वर्षे तो आणखी आधी सरकत जाणार आहे. म्हणजे ईदच्या खरेदीची वेळ आणि हिवाळ्याच्या सुट्ट्या पुन्हा एकत्र येत आहेत.

निघण्याचा वार आधी ठरवा

आमचा अनुभव असा की दिल्लीचा प्रवास घासाघिशीने स्वस्त होत नाही, कॅलेंडरने होतो. चांदनी चौक, किनारी बाजार, दरीबा, नई सडक आणि सदर बाजार हे रविवारी बंद असतात. यमुनेपलीकडचे गांधी नगर, जिथे तयार कपड्यांचा मोठा घाऊक व्यापार चालतो, ते सोमवारी बंद असते. करोल बाग आणि सरोजिनी नगरही सोमवारी बंद. लाल किल्ला सोमवारी बंद. म्हणजे मंगळवार ते शनिवार हे पाच दिवसच सगळे उघडे मिळते.

म्हणून मंगळवारी दिल्लीत उतरावे आणि शनिवारी निघावे. हिशेब साधा आहे. खोलीचे भाडे रोज दोन हजार धरले तर शनिवार-रविवार-सोमवारच्या बिनकामाच्या तीन रात्रींचे सहा हजार वाचतात. जेवणखाण वेगळेच.

दुसरी गोष्ट, २५ डिसेंबर ते १ जानेवारी या आठवड्यात लॉजवाले भाडे चढवतात आणि इंडिया गेट, लाल किल्ला येथे पाय ठेवायला जागा नसते. शक्य असेल तर शाळेची दोन-तीन दिवसांची परवानगी घेऊन नाताळच्या आधीचा आठवडा पकडावा. जानेवारीच्या उत्तरार्धात मात्र जाऊ नये. प्रजासत्ताक दिनाच्या तयारीमुळे रस्ते अडवले जातात आणि लाल किल्लाही काही दिवस बंद असतो.

गाडी आणि धुके

रेल्वेचे आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवसांवर आले आहे. पूर्वी ते १२० दिवस होते, आणि अजूनही पुष्कळ मंडळी त्याच भरवशावर असतात. २१ डिसेंबरला निघायचे तर आरक्षण २२ ऑक्टोबरला उघडते, हे वहीत लिहून ठेवा. परतीचे तिकीटही ज्या दिवशी उघडेल त्याच दिवशी काढा. तत्काळवर विसंबू नका. १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटाला आधारची पडताळणी लागते. ती केलेली नसेल तर ऐनवेळी हात चोळत बसावे लागते.

डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीपर्यंत उत्तरेत दाट धुके पडते. ते मध्यरात्रीनंतर दाटते आणि सकाळी नऊ-दहापर्यंत टिकते. म्हणून आग्रा ते दिल्ली हा टप्पा दिवसा ओलांडणारी गाडी निवडावी. या मोसमासाठी रेल्वे काही गाड्या आधीच रद्द करते, ती यादी तिकीट काढण्यापूर्वी पाहावी.

परतीसाठी आणखी एक युक्ती आहे. पंजाब किंवा जम्मूकडून येणाऱ्या झेलम, सचखंड, पंजाब मेल या गाड्या धुक्यात दिल्लीपर्यंत येतानाच उशीर करतात. मनमाडकडे येणाऱ्यांनी हजरत निजामुद्दीनहून सुटणारी गोवा एक्सप्रेस पाहावी. दिल्लीतूनच सुटणाऱ्या गाडीला उशिराचा धोका तुलनेने कमी. गाडी तीन तासांपेक्षा जास्त उशिरा असेल आणि प्रवास करायचा नसेल, तर पूर्ण पैसे परत मिळतात. मात्र ई-तिकीट असल्यास गाडी सुटण्यापूर्वी टीडीआर भरावा लागतो.

मुक्काम आणि फिरणे

मुक्काम खरेदीच्या जागेजवळ असावा. फतेहपुरी, बल्लीमारान, मटिया महल, दर्यागंज या भागांत साध्या खोल्या मिळतात आणि हलाल जेवणाची अडचण येत नाही. भाडे विचारताना "करासह किती?" असेच विचारावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे, पूर्वी तो १२ होता. कोणी जुन्याच दराने आकारत असेल तर पक्के बिल मागावे. गरम पाणी आणि जादा रजई भाड्यात आहे का, हेही विचारावे. रात्री पारा पाच-सहा अंशांवर येतो. आपल्याकडचा स्वेटर तिथे पुरत नाही.

फिरायला मेट्रोसारखे स्वस्त साधन नाही. ऑगस्ट २०२५ च्या वाढीनंतरही तिचे भाडे ११ ते ६४ रुपयांच्या आत आहे. चांदनी चौक आणि चावडी बाजार ही स्टेशने बाजाराला लागून आहेत. लाल किला आणि जामा मस्जिद या नावांची स्टेशने त्या वास्तूंजवळच आहेत. चांदनी चौकाच्या मुख्य रस्त्यावर २०२१ पासून दिवसा मोटारींना बंदी आहे, त्यामुळे रिक्षा-टॅक्सीवर पैसे घालवण्यात अर्थ नाही. मालाचे मोठे गठ्ठे मात्र मेट्रोत नेऊ देत नाहीत.

आमचा नेहमीचा क्रम असा : मंगळवारी पोहोचून विश्रांती. गाडीला उशीर झालाच तर तो याच दिवसात जिरतो. बुधवारी कटरा नीलचे कापड आणि किनारी बाजारातील गोटा, लेस, जरी. गुरुवारी सकाळी गांधी नगर आणि दुपारनंतर घरच्यांसह हुमायूनचा मकबरा. शुक्रवारी सकाळी लाल किल्ला आणि जुमाची नमाज जामा मशिदीत. शनिवारी मालाची बांधाबांध आणि परत. लाल किल्ला, हुमायूनचा मकबरा यांना १५ वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही. आग्रा या फेरीत घालू नका. धुक्यात जाऊन-येऊन दिवस बुडतो, आणि ताजमहाल शुक्रवारी बंद असतो हे अनेकांना दारात गेल्यावर कळते.

माल घरी कसा येणार?

सर्वांत मोठी चूक इथे होते. स्वस्त माल घेतात आणि तो डब्यात कोंबून आणतात. स्लीपर आणि थ्री टायर एसीत माणशी ४० किलोच सामान मोफत नेता येते. त्यापुढचे ब्रेक व्हॅनमध्ये नोंदवावे लागते, नाहीतर दंड. त्यापेक्षा ट्रान्सपोर्टला माल देऊन बिल्टी घ्यावी.

बिलावर आपला जीएसटी नंबर घालून घ्यावा. परराज्यातून ५० हजारांवर माल आणायचा तर ई-वे बिल लागते. ते दिल्लीतल्या व्यापाऱ्याने काढले की नाही, हे माल सुटण्यापूर्वी पाहावे. तयार कपड्यांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून नगामागे २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के कर आहे. भारी लग्नी कपडे घेताना हा फरक भावात धरावा.

हिवाळ्यात दिल्लीची हवा फार बिघडली की बाहेरच्या ट्रकना शहरात येण्यावर निर्बंध लागतात आणि गठ्ठे गोदामात अडकतात. म्हणून रमजानच्या तोंडावर माल यावा अशी आखणी करू नये. किमान तीन आठवडे हातात ठेवावेत.

रोख रक्कम अंगावर बाळगण्याचे दिवस गेले. मोठी रक्कम बँकेतून पाठवा, किरकोळ खर्चाला यूपीआय आहे. घरखर्च आणि मालाचा पैसा मात्र वेगळ्या खात्यात ठेवावा. दोन्ही एकत्र असले की मुलांच्या हट्टात मालाचे पैसे कधी गेले, ते कळत नाही.

मागच्या काही वर्षांच्या वह्या आम्ही काढून पाहिल्या. चार माणसे जाऊनही मुसाफिरीचा रकाना १९९६ च्या प्रमाणात पुन्हा कधी चढला नाही. पत्नीने लाल किल्ला आतून पाहिला तो २००४ मध्ये, एका शुक्रवारी सकाळी. त्या वेळी वालिदसाहेबही सोबत होते. परत आल्यावर वही त्यांनीच मागून घेतली, दोन्ही रकाने वाचले आणि काही न विचारता मिटवून ठेवली.

व्यापारी बंधूंनी निघण्यापूर्वी आपल्या वहीत हे दोन रकाने आखावेत आणि मुसाफिरीचा आकडा आधीच लिहून टाकावा. इन्शाअल्लाह सफरही आरामात होईल आणि ईदला दुकानही भरलेले राहील.