वडिलांचा धंदा आणि वडिलांचा छंद

शाळेंत नवीन विद्यार्थ्याचें नांव दाखल करितांना वडिलांच्या नांवापुढें त्यांचा धंदा लिहावा लागतो. त्यासाठीं कागदावर एक लहानसा रकाना असतो व त्यांत एकच शब्द मावतो: शेती, मजुरी, दुकान किंवा नोकरी. कळंबसारख्या गांवीं हा रकाना भरणें दिसतें तितकें सोपें नाहीं. मृगाचा पाऊस पडल्यावर जो गृहस्थ आपल्या तीन-चार एकरांत डवरा धरून असतो, तोच दिवाळीनंतर एखाद्या जिनिंगच्या आवारांत कापसाच्या गाड्या रिकाम्या करितांना दिसतो आणि उन्हाळ्यांत यवतमाळास किंवा नागपुरास कोणाच्या तरी बांधकामावर उभा असतो. एका वर्षांत तीन धंदे, आणि तिन्ही ठिकाणीं तो त्याच मुलाचा बाप! २०२४ सालीं वर्ध्याहून कळंबपर्यंत नवी आगगाडी सुरू झाली. बाहेरगांवीं जावयास आणखी एक वाट झाली.

वडिलांचें काम वारंवार बदलतें याची पुष्कळ मुलांस मनांतून लाज वाटते, असें आमच्या पाहण्यांत आलें आहे. ज्याचे वडील पंचवीस वर्षें एकाच कचेरींत आहेत तो मुलगा रकाना भरतांना मान वर करून सांगतो. ज्याच्या वडिलांनीं दुकान मोडून चौकीदारी धरली तो खालच्या मानेनें सांगतो. हा भेद कितपत खरा मानावा, हें एका मोठ्या माणसाच्या संसारावरून पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे. हे गृहस्थ म्हणजे कै. रेव्हरंड नारायण वामन टिळक. कवि म्हणून ते सर्वांस ठाऊक आहेत. परंतु त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं 'स्मृतिचित्रें' या पुस्तकांत, जें १९३४ पासून भागाभागांनीं प्रसिद्ध झालें, घरांतले टिळक इतक्या मोकळेपणानें दाखविले आहेत कीं, मराठींतील दुसऱ्या कोणत्याहि थोर पुरुषाचा स्वयंपाकघरापासून अंगणापर्यंतचा वावर आपणांस एवढा क्वचितच पाहावयास मिळतो.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवीं झाला. वडील वामनराव सरकारी नोकरींत होते. स्वभावानें तापट व कठोर. आई जानकीबाई मवाळ मनाची व भक्तिपर कवितेची आवड असलेली. टिळक लहान असतांनाच ती वारली आणि घरांतील माया आटली. मुलानें घर सोडलें व नाशिक गांठलें. तेथें गणेशशास्त्री लेले यांच्यापाशीं त्यांनीं संस्कृताचें अध्ययन केलें. वामनरावांची नोकरी स्थिर होती हें येथें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. रकान्यांत लिहावयास त्यांचा धंदा उत्तम होता. तरी त्यांचा मुलगा त्यांच्या घरांत राहिला नाहीं.

सुमारें १८८० सालीं टिळकांचा विवाह झाला. पत्नीचें माहेरचें नांव मनकर्णिका, आडनांव गोखले. तेथून पुढें जो संसार सुरू झाला त्यांत बिऱ्हाड किती वेळां हाललें याची मोजदाद करणें कठीण आहे. टिळकांनीं निरनिराळ्या गांवीं शिक्षकाचें काम केलें, भिक्षुकी केली, छापखान्यांत खिळे जुळविण्याचेंहि काम केलें. यास त्यांचा उतावळा स्वभाव कारण होता हें खरें; कोणाचा शब्द न सोसणारा मनुष्य नोकरींत टिकत नाहीं. परंतु काळहि कारण होता. त्या दिवसांत सरकारी कचेरीचा किंवा हायस्कुलाचा दरवाजा इंग्रजी परीक्षांच्या किल्लीनें उघडत असे, आणि टिळकांजवळ होतें तें संस्कृत, मराठी व कविता. अशा विद्येस गिऱ्हाईक थोडें. एखादी खाजगी शाळा निघाली म्हणजे काम मिळावें, ती बुडाली म्हणजे जावें. एखादा श्रीमंत रसिक भेटला म्हणजे दोन वर्षें निश्चिंतीनें काढावीं, त्याची मर्जी फिरली म्हणजे पुन्हां गांठोडें बांधावें, असा तो प्रकार होता. ज्याची विद्या बाजारांत खपत नाहीं त्याचा धंदा बदलत राहतो. त्यांत विद्येचा दोष नसतो. आमच्या भागांतील कित्येक चांगल्या सुतारांची व विणकरांची हीच गत झालेली आहे.

१८९१ सालीं टिळक नागपुरास आले. तेथें श्रीमंत आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयानें त्यांना संस्कृत ग्रंथांच्या भाषांतराचें काम मिळालें व 'ऋषि' नांवाचें मासिकहि त्यांनीं कांहीं काळ चालविलें. म्हणजे वऱ्हाड-नागपूरच्या या आपल्या भागाचें मीठ टिळकांनीं खाल्लेलें आहे. त्याच वर्षीं जन्मलेला मुलगा दत्तू, म्हणजे पुढें देवदत्त नारायण टिळक म्हणून प्रसिद्ध झालेले लेखक. नागपूरचेंहि काम फार टिकलें नाहीं. १८९३ मध्यें ते नोकरीनिमित्त राजनांदगांवास जावयास निघाले असतां आगगाडींत एक परदेशी पाद्री भेटला. त्यानें त्यांच्याशीं काव्याच्या गोष्टी केल्या व शेवटीं शुभवर्तमानाचें पुस्तक हातीं दिलें. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं टिळकांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला.

मोठीं माणसें या प्रसंगाकडे धर्माच्या बाजूनें पाहतात, व तें योग्यच आहे. आमच्या स्वतःच्या मनास ती बाजू किती जवळची आहे हें सांगावयास नको. परंतु आज आपण एका मुलाच्या बाजूनें पाहत आहों. दत्तू तेव्हां तीन-चार वर्षांचा होता. वडील एकीकडे व आई दुसरीकडे, अशीं सुमारें पांच वर्षें गेलीं. लक्ष्मीबाई मुलास घेऊन नातलगांच्या आश्रयानें राहिल्या. लोकांचीं बोलणीं खाल्लीं, दुखणीं काढलीं. टिळक पत्रें लिहीत, भेटावयास येत. पण पत्र म्हणजे कांहीं वडील नव्हेत. वडिलांच्या सद्विवेकाचें मोल मुलानेंहि भरावें लागतें, आणि त्या मुलाची संमति कोणी विचारलेली नसते. टिळकांविषयीं आमच्या मनांत पूज्यभाव असूनहि आम्हांस हें झांकून ठेवावेंसें वाटत नाहीं. स्वतः लक्ष्मीबाईंनींहि झांकलेलें नाहीं. पुढें त्या आपण होऊन अहमदनगरास आल्या, संसार पुन्हां जुळला, आणि १९०० सालीं त्यांनींहि बाप्तिस्मा घेतला.

नगरास टिळकांस अमेरिकन मराठी मिशनच्या पदरीं शिकविण्याचें काम होतें. आतां तरी घर सुरळीत चालावें! पण पगार हातीं आला कीं त्यास वाटा फुटत. दारीं आलेला गरजू रिकाम्या हातीं जात नसे, नवें पुस्तक दिसलें कीं घेतल्यावांचून राहवत नसे, आणि डब्यांत पीठ आहे कीं नाहीं याची चौकशी करण्याचें काम अर्थातच लक्ष्मीबाईंकडे. भांडणें होत, कडाक्याचीं होत. टिळक रागावत तितक्याच लवकर निवळत. परकीं पोरकीं मुलें घरांत येऊन राहत व घरचींच होत. बालकवि त्र्यंबक बापूजी ठोंबरे (१८९०–१९१८) हेहि कांहीं काळ याच घरीं होते व लक्ष्मीबाईंनीं त्यांस मुलाप्रमाणें वागविलें. लक्ष्मीबाईंस लिहितां-वाचतां यावें हा खटाटोपहि टिळकांचाच. शिकवितांना गुरुजींचा तोल वारंवार जाई, पण शिष्येनें पुढें असें पुस्तक लिहिलें कीं, गुरूचें नांव त्याच्याच आधारानें घरोघर गेलें.

आतां छंदाकडे वळूं. आपल्या भाषेंत छंद या शब्दाचे दोन अर्थ आहेत: एक मनास लागलेली आवड, दुसरा कवितेचें वृत्त. टिळकांच्या ठिकाणीं हे दोन्ही अर्थ एक झाले होते. फुलें व मुलें हे त्यांच्या कवितेचे आवडते विषय. म्हणूनच त्यांना फुलामुलांचे कवि म्हणतात. शिक्षक असतांना ते कविता करीत, खिळे जुळवीत असतांना करीत, श्रीमंतांच्या पदरीं असतांना करीत, मिशनांत करीत. गांव बदललें, मालक बदलला, धर्मदेखील बदलला. छंद तेवढा कायम राहिला. दत्तूस कोणी विचारलें असतें कीं, तुझे वडील कोण, तर 'शिक्षक' हें उत्तर कधीं खरें ठरलें असतें, कधीं खोटें. 'कवि' हें उत्तर प्रत्येक बिऱ्हाडांत खरें होतें.

या छंदानें घरास त्रास दिला हें वर आलेंच आहे. पण त्यानेंच पुढें काम दिलें. इंग्रजी चालीवर भाषांतरित गीतें गाणाऱ्या मराठी मंडळ्यांस टिळकांनीं अभंग, ओवी व कीर्तन यांची गोडी लाविली. मराठी मंडळ्यांच्या गीतसंग्रहांत त्यांचीं शंभरांवर गीतें आहेत आणि तीं आमच्या प्रार्थनामंदिरांत अजूनहि गातात. १९१२ पासून 'ज्ञानोदय' पत्राच्या मराठी भागाचें संपादन त्यांच्याकडे आलें. आणि मग १९१७ सालीं, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीं, या गृहस्थांनीं पुन्हां एकदां नोकरी सोडली! मिशनचा पगार टाकून ते साताऱ्यास गेले व 'देवाचा दरबार' या नांवानें एक मंडळ काढलें. शांतपणें बसून खाण्याच्या वयांत हें धाडस. लक्ष्मीबाईंस तेव्हां काय वाटलें असेल याची कल्पना आमच्या वाचकांपैकीं ज्या माता आहेत त्यांस सहज करितां येईल. दोन वर्षांनीं, ९ मे १९१९ रोजीं, मुंबईस टिळकांचें देहावसान झालें.

आमच्या गांवच्या वडीलमंडळींस छंद नाहींत असें कोणी म्हणेल तर तें आम्हांस मान्य नाहीं. दिवसभर हमाली करून आलेला मनुष्य रात्रीं भजनांत खंजिरी हातीं घेतो तेव्हां त्याचीं बोटें थकलेलीं दिसत नाहींत. पोळ्याच्या दिवशीं तोरणाखालीं बैल उभे राहिले म्हणजे जो शेतकरी ठसक्यांत झडत्या म्हणतो, व त्यांतील एखादी आपल्या पदरची घालतो, तोहि आपल्या परीनें कविच आहे. कोणी चिंतामणीच्या देवळांतील टाळकरी असतो, कोणी जुन्या सायकली उकलून पुन्हां जोडतो, कोणी परसांत मोगऱ्याचीं कलमें लावतो. पण दाखल्याच्या कागदावर यासाठीं रकाना नाहीं. आणि मुलेंहि पुष्कळदां हें वडिलांच्या पुढें बसून कधीं विचारीत नाहींत. 'ही झडती तुम्हांस कोणी शिकविली?' एवढा प्रश्न विचारला तर एखादे वडील तासभर बोलतील. जे बोलणार नाहींत त्यांच्याविषयीं आईस विचारावें.

देवदत्त टिळकांनीं हेंच केलें. वडिलांचें चरित्र लिहावें असें त्यांच्या मनांत आलें व त्यासाठीं त्यांनीं आईस आठवणी सांगावयास लाविलें. ज्यास लहानपणीं पांच वर्षें वडील अंतरले होते त्यानेंच वडिलांची हकीकत मागितली. आईनें सांगावयास आरंभ केला आणि तिच्या आठवणींचें 'स्मृतिचित्रें' होऊन बसलें. तें पुरें होतें न होतें तोंच १९३६ च्या फेब्रुवारींत लक्ष्मीबाई निवर्तल्या.

टिळकांच्या छंदाचें एक काम मात्र अर्धवट राहिलें होतें. येशू ख्रिस्ताचें चरित्र ओंवीबद्ध लिहावें म्हणून त्यांनीं 'ख्रिस्तायन' हातीं घेतलें होतें. आरंभीचे दहा-अकरा अध्याय झाले आणि लेखणी थांबली. ज्या पत्नीस त्यांनीं अक्षरें गिरवावयास लाविलीं होतीं तिनें तीं पानें पुढें ओढलीं व चौसष्ट अध्याय लिहिले. ती गेल्यावर शेवटचा अध्याय दत्तूनें लिहिला, आणि १९३८ सालीं तो ग्रंथ छापून निघाला.